शेल स्क्रिप्टमधील फाईल-आधारित वाचन-कुलूप व लेखन-कुलूप : संकल्पना, रचना आणि मर्यादा

सारांश

एकाच फाईलवर एकाच वेळी अनेक स्क्रिप्ट काम करू लागल्या की माहिती नकळत नष्ट होण्याचा धोका निर्माण होतो. हा धोका टाळण्यासाठी युनिक्स व लिनक्स प्रणालींमध्ये फाईल-आधारित कुलपांचा उपयोग केला जातो. प्रस्तुत लेखात वाचन-कुलूप व लेखन-कुलूप यांतील भेद, कुलूप घेण्यासाठी लागणारी अविभाज्य क्रिया, डिरेक्टरीच्या साहाय्याने करता येणारी रचना, कुलूप धारण करणारी प्रक्रिया मध्येच बंद पडल्यास उद्भवणारा प्रश्न आणि कर्नलकडून मिळणारी ‘फ्लॉक’ ही सुविधा यांचा क्रमाने विचार केला आहे. कुलपाची शुद्धता दोन गोष्टींवर अवलंबून असते : कुलूप मोकळे आहे की नाही हे पाहणे व ते घेणे एकाच क्रियेत घडले पाहिजे, आणि धारकाच्या आकस्मिक मृत्यूची तरतूद आधीच केलेली असली पाहिजे, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : शेल स्क्रिप्ट, वाचन-कुलूप, लेखन-कुलूप, अविभाज्य क्रिया, फ्लॉक, हरवलेला बदल.

१. प्रस्तावना

महाविद्यालयीन कामकाजात पूर्ण क्षमतेचे डेटाबेस सॉफ्टवेअर सर्वत्र वापरले जातेच असे नाही. अनेकदा एखाद्या सर्व्हरवर ठेवलेली साधी मजकूर-फाईल आणि तिच्यावर काम करणाऱ्या चार-दोन शेल स्क्रिप्ट एवढ्यावरच काम भागते. प्रयोगशाळेतील नोंदी, ग्रंथालयातील देवघेव, अंतर्गत मूल्यमापनाचे गुण ही याची सहज सुचणारी उदाहरणे होत. ही पद्धत सुटसुटीत आहे यात शंका नाही. परंतु तिच्यात एक दोष दडलेला असतो आणि तो बरेच दिवस दिसून येत नाही.

उदाहरणार्थ, अंतर्गत गुणांच्या एका फाईलमध्ये ४०० विद्यार्थ्यांच्या ४०० ओळी आहेत असे समजू. भौतिकशास्त्र विभागाची स्क्रिप्ट ही फाईल वाचते, ६० ओळींत गुण भरते आणि संपूर्ण फाईल पुन्हा लिहिते. रसायनशास्त्र विभागाची स्क्रिप्ट वेगळ्या ६० ओळींसाठी हेच काम करते. दोन्ही स्क्रिप्टनी जुनी फाईल वाचली आणि मग भौतिकशास्त्राची फाईल आधी व रसायनशास्त्राची नंतर लिहिली गेली, तर भौतिकशास्त्राचे ६० विद्यार्थ्यांचे गुण पुसले जातात. कोणतीही त्रुटी-सूचना येत नाही. दोन्ही स्क्रिप्ट आपापले काम यशस्वी झाल्याचे सांगून संपतात. संगणकशास्त्रात यास ‘हरवलेला बदल’ असे म्हणतात.

दुसरा धोका वाचणाऱ्या स्क्रिप्टला असतो. शेलमध्ये > या चिन्हाने फाईलवर लिहिताना शेल प्रथम ती फाईल रिकामी करतो व नंतर तिच्यात मजकूर भरला जातो. नेमक्या या मधल्या क्षणी एखाद्या स्क्रिप्टने सरासरी काढण्यासाठी फाईल वाचली, तर तिला ४०० ऐवजी १५० ओळी मिळू शकतात. १५० ओळींची सरासरीही सरासरीच दिसते. ती चुकीची आहे हे आकड्यावरून कळत नाही. चूक झाली असे यंत्र सांगत नाही, म्हणूनच या प्रश्नाचा विचार आधी करणे आवश्यक ठरते.

२. ऐतिहासिक पार्श्वभूमी

एका वेळी एकाच प्रक्रियेने सामायिक साधन वापरावे, या ‘परस्पर-वर्जना’च्या प्रश्नाचे अनेक प्रक्रियांसाठीचे उत्तर एड्सखर डायक्स्ट्रा यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केले. परंतु प्रत्येकाला दुसऱ्यापासून दूर ठेवणे हे नेहमीच आवश्यक नसते. सूचनाफलक एकाच वेळी दहा जण वाचू शकतात. सूचना बदलताना मात्र फलकासमोरून सर्वांना बाजूला व्हावे लागते. वाचणारे व लिहिणारे यांच्यातील हा भेद १९७१ मध्ये पी. जे. कोर्त्वा, एफ. हेमान्स आणि डी. एल. पार्नस यांनी ‘वाचक-लेखक प्रश्न’ म्हणून मांडला आणि त्याची दोन उत्तरे दिली. पहिल्या उत्तरात वाचकांना प्राधान्य असते, तर दुसऱ्यात लेखकांना.

युनिक्सच्या आरंभकाळी फाईलला कुलूप लावण्याची सोय नव्हती, आणि ही बाब निर्मात्यांच्या नजरेतून सुटलेली नव्हती. डेनिस रिची व केन थॉम्प्सन यांनी युनिक्सविषयीच्या १९७४ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात अशी भूमिका घेतली की, आपल्या परिस्थितीत अशी कुलपे आवश्यकही नाहीत आणि पुरेशीही नाहीत. यांतील दुसरा मुद्दा आजही मननीय आहे. दोन व्यक्तींनी संपादकात एकाच फाईलची प्रत उघडली, तर केवळ लिहिण्याच्या क्षणी कुलूप लावून उपयोग होत नाही. गोंधळ प्रत घेतली तेव्हाच सुरू झालेला असतो. वरील गुणांच्या उदाहरणाला हेच लागू पडते. बदल करणाऱ्या स्क्रिप्टने लिहिण्यापूर्वी नव्हे, तर बदलासाठी वाचण्यापूर्वीच लेखन-कुलूप घेतले पाहिजे. हा नियम विसरला गेला तर पुढील सर्व रचना व्यर्थ ठरते.

पुढे युनिक्सवर स्वतंत्र प्रक्रियांनी एकत्र वापरायच्या फाईली वाढल्या आणि कुलपांची गरज मान्य झाली. १९८३ च्या ४.२ बीएसडी या आवृत्तीत ‘फ्लॉक’ ही सुविधा आली. तिच्यात सामायिक व अनन्य अशी दोन प्रकारची कुलपे होती. तीच आपली वाचन-कुलूप व लेखन-कुलूप होत.

३. वाचन-कुलूप व लेखन-कुलूप यांचे नियम

या दोन कुलपांचे परस्परसंबंध पुढीलप्रमाणे सांगता येतात.

(अ) वाचन-कुलूप अनेक प्रक्रियांना एकाच वेळी मिळू शकते.
(आ) कोणाकडेही वाचन-कुलूप असताना लेखन-कुलूप मिळत नाही.
(इ) लेखन-कुलूप एका वेळी एकाच प्रक्रियेला मिळते, आणि ते असेपर्यंत वाचन-कुलूप कोणालाही मिळत नाही.

हे नियम सुरक्षिततेची हमी देतात, न्यायाची नव्हे. वाचक सतत येत राहिले आणि एक जाण्यापूर्वी दुसरा हजर होत गेला, तर लेखकाची पाळी कधीच येणार नाही. या स्थितीला ‘उपासमार’ अशी संज्ञा आहे. निकालाच्या दिवशी दर काही सेकंदांनी गुणांची फाईल वाचली जात असेल, तर तीत दुरुस्ती करू पाहणारी स्क्रिप्ट दिवसभर ताटकळू शकते. म्हणून चांगल्या रचनेत वरील तीन नियमांबरोबर चौथा नियम असावा लागतो : लेखक प्रतीक्षेत असताना नव्या वाचकांना प्रवेश देऊ नये.

४. ‘पाहणे’ आणि ‘घेणे’ यांतील अंतर

नवशिक्या प्रोग्रामरला सुचणारी पहिली रचना सरळ असते. कुलपाची फाईल अस्तित्वात आहे काय ते पाहावे. नसल्यास ‘टच’ या आज्ञेने ती निर्माण करावी आणि कामाला लागावे. ही रचना चुकीची आहे. पाहणे आणि निर्माण करणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत व त्यांच्या मध्ये दुसरी प्रक्रिया येऊ शकते. दोघींनीही पाहिले, दोघींनाही फाईल दिसली नाही, दोघींनीही ती निर्माण केली, आणि दोघींनाही कुलूप आपल्याकडेच आहे असे वाटले. ‘टच’ ही आज्ञा फाईल आधीच असली तरी तक्रार करीत नाही, त्यामुळे दोघींपैकी एकीलाही संशय येत नाही. एकट्याने चाचणी घेताना ही चूक आढळत नाही. काम वाढलेल्या दिवशीच ती प्रकट होते.

यावरील उपाय म्हणजे पाहणे व घेणे या दोन्ही गोष्टी एकाच अविभाज्य क्रियेत करणे. शेलमधून अशा तीन क्रिया सहज उपलब्ध होतात.

पहिली, डिरेक्टरी निर्माण करणारी ‘एमकेडिर’ ही आज्ञा. त्या नावाची डिरेक्टरी आधीच असेल तर ही आज्ञा अयशस्वी होते, आणि हा निर्णय कर्नल एकाच टप्प्यात करतो. शंभर प्रक्रियांनी एकाच नावाची डिरेक्टरी एकाच वेळी करू पाहिली तरी यश एकीलाच मिळते. मात्र येथे ‘-पी’ हा पर्याय वापरता कामा नये. तो दिल्यास डिरेक्टरी आधीची असली तरी आज्ञा यशस्वी झाल्याचेच कळवते.

दुसरी, शेलमधील ‘नोक्लॉबर’ हा पर्याय. तो ‘सेट’ या आज्ञेने लागू केला की > चिन्हाने अस्तित्वात असलेली साधी फाईल पुसली जात नाही. ती आधीच असेल तर क्रिया अयशस्वी होते.

तिसरी, ‘एलएन’ ही दुवा जोडणारी आज्ञा. दुव्याचे नाव आधीच वापरात असेल तर तिला अपयश येते. तिचा विशेष असा की, प्रतीकात्मक दुवा ज्याकडे निर्देश करतो ते लक्ष्य अस्तित्वात असण्याची गरज नसते. त्यामुळे लक्ष्याच्या जागी आपला प्रक्रिया-क्रमांक लिहिता येतो, आणि कुलूप घेणे व धारकाची नोंद करणे ही दोन्ही कामे एकाच क्रियेत साधतात. ईमॅक्स हा संपादक बदललेल्या फाईलसाठी असाच दुवा निर्माण करतो आणि त्यात वापरकर्ता, यंत्राचे नाव व प्रक्रिया-क्रमांक नोंदवतो.

५. डिरेक्टरीच्या साहाय्याने वाचन-लेखन कुलूप

वरील क्रियांतून एक वेळ-एक धारक असे साधे कुलूप मिळते. त्यापासून वाचन-लेखन कुलूप तयार करताना बहुधा असा विचार होतो की, वाचकांची संख्या एका फाईलमध्ये ठेवावी. वाचक आला की एक मिळवावा, गेला की एक वजा करावा. या मार्गात दोन अडचणी आहेत. संख्या वाचणे, वाढवणे व पुन्हा लिहिणे हाच एक ‘हरवलेला बदल’ ठरू शकतो, म्हणून त्या संख्येसाठीही वेगळे कुलूप लागते. त्याहून गंभीर अडचण अशी की, एखादा वाचक वजाबाकी करण्यापूर्वीच बंद पडला तर संख्या कायमची एकने जास्त राहते, आणि तो कोण होता हे सांगण्यास संख्या असमर्थ असते.

म्हणून संख्येऐवजी नावे ठेवणे श्रेयस्कर ठरते. त्यासाठी दोन गोष्टी लागतात : ‘दार’ हे साधे कुलूप आणि ‘वाचक’ ही एक कायमची डिरेक्टरी. प्रत्येक वाचक या डिरेक्टरीत आपल्या प्रक्रिया-क्रमांकाच्या नावाची एक रिकामी फाईल ठेवतो. शेलमध्ये हा क्रमांक $$ या चिन्हांनी मिळतो.

वाचकाने करावयाच्या क्रिया :
(१) ‘दार’ मिळेपर्यंत थांबून पुनःपुन्हा प्रयत्न करणे.
(२) ‘वाचक’ डिरेक्टरीत आपल्या क्रमांकाची फाईल ठेवणे.
(३) ‘दार’ सोडणे.
(४) माहिती वाचणे.
(५) आपल्या क्रमांकाची फाईल काढून टाकणे.

लेखकाने करावयाच्या क्रिया :
(१) ‘दार’ मिळेपर्यंत थांबून पुनःपुन्हा प्रयत्न करणे.
(२) ‘दार’ स्वतःकडेच ठेवून ‘वाचक’ डिरेक्टरी रिकामी होईपर्यंत थांबणे.
(३) माहिती वाचून बदल करणे व लिहिणे.
(४) ‘दार’ सोडणे.

या रचनेची शुद्धता थोडक्यात दाखवता येते. लेखक लिहितो तेव्हा ‘दार’ त्याच्याकडे असते, म्हणून दुसरा लेखक आत नसतो. नव्या वाचकाला नोंद करण्यासाठी ‘दार’ लागते, म्हणून नवा वाचक येऊ शकत नाही. आणि जुने वाचक गेल्याची खात्री लेखकाने केलेली असते. वाचक ‘दार’ क्षणभरच धरतो, त्यामुळे अनेक वाचक एकाच वेळी वाचू शकतात. लेखकाने ‘दार’ घेतले की नवे वाचक आपोआप थांबतात, म्हणजेच चौथ्या नियमाचेही पालन होते. मात्र ‘दार’ ज्या क्रमाने मागितले त्याच क्रमाने मिळेल, अशी हमी ही रचना देत नाही.

येथे एक बारकावा महत्त्वाचा आहे. वाचकाच्या पाचव्या क्रियेसाठी ‘दार’ लागत नाही. बाहेर पडतानाही ‘दार’ घेण्याची अट घातली असती, तर लेखक ‘दार’ धरून वाचक जाण्याची वाट पाहत राहिला असता आणि वाचक जाण्यासाठी त्याच ‘दारा’ची वाट पाहत राहिले असते. ही परस्परकोंडी कधीच सुटत नाही.

अशीच कोंडी वाचकाने मध्येच लेखक होण्याचे ठरवल्यास होते. त्याची स्वतःची नोंद ‘वाचक’ डिरेक्टरीत असते, आणि लेखक म्हणून तो ती रिकामी होण्याची वाट पाहतो. अर्थात स्वतःचीच वाट पाहत बसतो. वाचन-कुलूप सोडावे, लेखन-कुलूप घ्यावे व माहिती नव्याने वाचावी, हाच सुरक्षित मार्ग होय. मधल्या काळात माहिती बदललेली असू शकते, म्हणून आधी वाचलेल्या मजकुरावर विसंबून चालत नाही.

प्रक्रिया-क्रमांकाबाबतही एक सावधगिरी आवश्यक आहे. कंसांत लिहिलेल्या उपशेलमध्ये $$ हे चिन्ह मूळ शेलचाच क्रमांक देते. एकाच स्क्रिप्टने पार्श्वभूमीत दोन उपशेल सुरू केल्यास दोघांची नोंद एकाच नावाने होईल, आणि पहिला जाताना दुसऱ्याचीही नोंद काढून टाकील. अशा प्रसंगी नावात एखादा वेगळा अनुक्रमांक जोडावा.

६. मृत धारकाचा प्रश्न

कुलूप घेतलेली स्क्रिप्ट काम पूर्ण करण्यापूर्वीच बंद पडली तर डिरेक्टरी तशीच मागे राहते आणि पुढील सर्व स्क्रिप्ट अनिश्चित काळ थांबून राहतात. यावरील पहिला उपाय म्हणजे ‘ट्रॅप’ ही आज्ञा. तिच्यामुळे शेल संपताना किंवा थांबवण्याचा संकेत आल्यावर कुलूप काढून टाकता येते. मात्र ‘ट्रॅप’ कुलूप मिळाल्यानंतरच लावावा. आधी लावल्यास कुलूप न मिळालेली स्क्रिप्ट बाहेर पडताना दुसऱ्याचेच कुलूप काढून टाकते.

‘ट्रॅप’ सर्व प्रसंगी उपयोगी पडत नाही. क्रमांक ९ चा ‘किल’ संकेत कोणत्याही प्रक्रियेला अडवता येत नाही, आणि वीजपुरवठा खंडित झाल्यास तर संकेतही येत नाही. वीज जाण्याच्या प्रसंगासाठी कुलपे स्मृतीत राहणाऱ्या डिरेक्टरीत ठेवणे इष्ट असते. आधुनिक लिनक्सवर ‘रन’ डिरेक्टरीतील ‘लॉक’ ही जागा त्यासाठी असते. यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर ती रिकामीच असते.

उरलेल्या प्रसंगी कुलपात नोंदवलेला प्रक्रिया-क्रमांक कामी येतो. ‘किल’ आज्ञेला शून्य हा संकेत दिल्यास प्रक्रियेला काहीही होत नाही. ती जिवंत आहे की नाही एवढेच कळते. परंतु या परीक्षेलाही दोन मर्यादा आहेत. क्रमांक पुन्हा वापरले जातात : लिनक्सवर त्यांची नेहमीची मर्यादा दीर्घकाळ ३२,७६८ होती, आणि ६४-बिट यंत्रणांवर ती ४१,९४,३०४ पर्यंत वाढवता येते. त्यामुळे मृत धारकाचा क्रमांक एखाद्या असंबद्ध प्रक्रियेला मिळालेला असू शकतो. तसेच दुसऱ्या वापरकर्त्याच्या प्रक्रियेबाबत परवानगीअभावी ही आज्ञा अयशस्वी होते, आणि अपयशाचा अर्थ ‘मृत’ असा लावल्यास जिवंत धारकाचे कुलूप तोडले जाते.

कुलूप तोडण्याच्या क्रियेतही शर्यत दडलेली असते. समजा ‘क’ आणि ‘ख’ या दोन स्क्रिप्टना धारक मृत असल्याचे एकाच वेळी आढळले. ‘क’ने जुने कुलूप काढले व आपले नवे घेतले. ‘ख’चा निर्णय मात्र जुन्या पाहणीवर आधारलेला आहे, ती आता जे कुलूप काढते ते ‘क’चे असते. चौथ्या भागात पाहिलेली ‘पाहणे व घेणे’ यांतील फटच येथे वेगळ्या रूपात परत येते. म्हणून तोडण्याच्या कामासाठी वेगळे कुलूप असावे, आणि ते मिळाल्यावर धारक मृत असल्याची पुन्हा खात्री करूनच जुने कुलूप काढावे. जेथे प्रसंग क्वचितच येतो तेथे स्क्रिप्टने ठराविक वेळ थांबून स्पष्ट संदेशासह बाहेर पडावे आणि निर्णय व्यवस्थापकावर सोपवावा, हेही शहाणपणाचे ठरते. ‘पाच मिनिटांपेक्षा जुने कुलूप तोडावे’ असे नियम मात्र टाळावेत. एखाद्या दिवशी खरेच सहा मिनिटांचे काम निघते, आणि नियम नेमका त्याच दिवशी घात करतो.

७. कर्नलचे कुलूप : फ्लॉक

मृत धारकाचा प्रश्न मुळातून सुटतो तो कर्नलने दिलेल्या कुलपाने. असे कुलूप फाईलच्या नावात नसते. ते उघडलेल्या फाईलशी जोडलेले असते. प्रक्रिया कोणत्याही कारणाने संपली की तिने उघडलेल्या फाईली कर्नल बंद करतो, आणि त्यांच्याबरोबर कुलूपही सुटते. लिनक्सवर शेलमधून हे कुलूप घेण्यासाठी ‘फ्लॉक’ ही आज्ञा असून ती ‘युटिल-लिनक्स’ या संचाबरोबर येते. ‘-एस’ या पर्यायाने वाचन-कुलूप व ‘-एक्स’ या पर्यायाने लेखन-कुलूप मिळते. ‘-एन’ दिल्यास कुलूप नसेल तर आज्ञा न थांबता परत येते, आणि ‘-डब्ल्यू’ नंतर सेकंद दिल्यास तेवढाच वेळ थांबते. प्रत्यक्षात ‘एक्झेक’ या आज्ञेने कुलपाची फाईल ९ सारख्या एखाद्या क्रमांकावर उघडावयाची, त्या क्रमांकावर ‘फ्लॉक’ चालवावयाचे, काम करावयाचे आणि क्रमांक बंद करावयाचा, एवढीच कृती असते.

ही सोय वापरताना पुढील पथ्ये पाळावीत.

(१) कुलपाची फाईल व माहितीची फाईल वेगवेगळी असावी. माहितीची फाईलच कुलपासाठी > चिन्हाने उघडल्यास कुलूप मिळण्यापूर्वीच ती रिकामी होते.

(२) काम संपल्यावर कुलपाची फाईल काढून टाकू नये. ती काढल्यास एक प्रक्रिया जुन्या, आता नाव नसलेल्या फाईलवर कुलूप धरून बसते आणि दुसरी त्याच नावाची नवी फाईल करून तिच्यावर कुलूप घेते. दोघींनाही लेखन-कुलूप मिळते. रिकामी फाईल तेथेच राहिल्याने काही बिघडत नाही.

(३) उघडलेला क्रमांक पार्श्वभूमीतील उपप्रक्रियांना वारशाने मिळतो. मूळ स्क्रिप्ट संपली तरी उपप्रक्रिया जिवंत असेपर्यंत कुलूप सुटत नाही. म्हणून उपप्रक्रिया सुरू करताना तो क्रमांक बंद करावा.

(४) वाचन-कुलपाचे लेखन-कुलपात रूपांतर अविभाज्य असण्याची हमी नसते. जुने कुलूप आधी सुटते आणि मग नवे मिळते. मधल्या काळात दुसरा लेखक येऊन जाऊ शकतो.

(५) लेखकाची उपासमार ‘फ्लॉक’ने आपोआप टळेल असे गृहीत धरू नये. पाचव्या भागातील ‘दार’ येथेही उपयोगी पडते. दोन कुलूप-फाईली ठेवाव्यात. प्रत्येकाने प्रथम ‘दारा’वर लेखन-कुलूप घ्यावे, मग वाचकाने मुख्य फाईलवर वाचन-कुलूप व लेखकाने लेखन-कुलूप घ्यावे, ते मिळताच ‘दार’ सोडावे. लेखक मुख्य कुलपासाठी थांबलेला असताना ‘दार’ त्याच्याकडे असते, त्यामुळे नवे वाचक त्याला ओलांडून पुढे जाऊ शकत नाहीत.

८. एक वास्तव उदाहरण : वापरकर्त्यांची फाईल

या तत्त्वांचा एकत्रित उपयोग प्रत्येक लिनक्स यंत्रावर पाहता येतो. ‘ईटीसी’ डिरेक्टरीतील ‘पासडब्ल्यूडी’ या फाईलमध्ये यंत्रावरील वापरकर्त्यांची यादी असते. ती सतत वाचली जाते. फाईलींची यादी दाखवणारी ‘एलएस’ ही साधी आज्ञासुद्धा मालकाचे नाव शोधण्यासाठी तिचा आधार घेते. उलट, तिच्यात बदल क्वचितच होतात.

वापरकर्ता नोंदवणाऱ्या आज्ञांचा ‘शॅडो-युटिल्स’ हा संच बदल करताना प्रथम आपल्या प्रक्रिया-क्रमांकाच्या नावाची वेगळी फाईल करतो व तिच्यात तो क्रमांक लिहितो. नंतर तिलाच कुलपाच्या ठरलेल्या नावाचा दुवा जोडतो आणि त्या फाईलच्या दुव्यांची संख्या दोन झाली काय हे तपासतो. दुवा जोडता आला नाही तर जुन्या कुलपातील क्रमांक वाचून धारक जिवंत आहे काय ते पाहिले जाते. म्हणजे चौथ्या व सहाव्या भागांतील तत्त्वे येथे प्रत्यक्ष वापरलेली दिसतात.

मात्र वाचकांसाठी येथे कुलूपच नाही. लेखक मूळ फाईलला हात न लावता संपूर्ण नवी फाईल वेगळ्या नावाने लिहितो आणि शेवटी नाव बदलून ती मूळ जागी आणतो. एकाच फाईल-प्रणालीत नाव बदलणे ही अविभाज्य क्रिया आहे. त्यामुळे वाचकाला संपूर्ण जुनी किंवा संपूर्ण नवी फाईल मिळते. अर्धवट फाईल कधीच मिळत नाही. शेलमध्ये ‘एमव्ही’ या आज्ञेने हेच साधते, फक्त तात्पुरती फाईल त्याच डिरेक्टरीत असावी लागते. ती वेगळ्या फाईल-प्रणालीवर असल्यास ‘एमव्ही’ मजकुराची नक्कल करते आणि अविभाज्यता नाहीशी होते.

यावरून एक उपयुक्त निष्कर्ष निघतो. वाचकाला एकच फाईल एकदाच वाचावयाची असेल तर वाचन-कुलपाची आवश्यकता नसते. लेखकांपुरते लेखन-कुलूप व नावबदल पुरेसे होतात. वाचकाला परस्परसंबंधित अशा दोन-तीन फाईली वाचावयाच्या असतील, उदाहरणार्थ विद्यार्थ्यांची यादी व त्यांचे गुण, तेव्हाच वाचन-कुलपाची खरी गरज निर्माण होते. कारण एक फाईल जुनी व दुसरी नवी मिळणे हीही विसंगतीच होय.

९. मर्यादा

येथे वर्णन केलेली सर्व कुलपे सल्लागार स्वरूपाची आहेत. ती कोणालाही बळाने अडवत नाहीत. एकही स्क्रिप्ट किंवा एकही सहकारी कुलूप न घेता फाईल संपादकात उघडून बदल करू लागला, तर बाकी सर्वांनी पाळलेली शिस्त निष्फळ ठरते. म्हणून कुलूप घेण्याचे काम प्रत्येक स्क्रिप्टमध्ये वेगवेगळे न लिहिता एका सामायिक स्क्रिप्टमध्ये ठेवावे आणि माहितीच्या फाईलवर थेट लेखनाची परवानगी मोजक्या खात्यांनाच द्यावी.

दुसरी मर्यादा नेटवर्कवरील सामायिक डिरेक्टरींची आहे. एनएफएसवर ‘एमकेडिर’चे उत्तर वाटेत हरवले आणि विनंती पुन्हा पाठवली गेली, तर स्वतःच केलेल्या डिरेक्टरीविषयी ‘ती आधीच आहे’ असे उत्तर मिळू शकते. प्रक्रिया-क्रमांक तर त्या त्या यंत्रापुरताच अर्थपूर्ण असतो. दुसऱ्या यंत्रावरील धारक जिवंत आहे काय हे त्यावरून ठरवता येत नाही. लिनक्सच्या २.६.११ पर्यंतच्या कर्नलमध्ये ‘फ्लॉक’ एनएफएसवरील फाईलला लागू होत नसे. २००५ मधील २.६.१२ पासून ते वेगळ्या प्रकारच्या कुलपात रूपांतरित करून सर्व्हरकडे पाठवले जाते. त्यासाठी लेखन-कुलूप घेताना फाईल लेखनासाठी उघडलेली असावी लागते. शक्य तेथे कुलूप व माहिती एकाच यंत्राच्या स्थानिक डिस्कवर ठेवणे हाच निर्धोक मार्ग होय.

तिसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे. कुलूप एकाच वेळी होणाऱ्या प्रवेशाचे नियमन करते. अर्धवट राहिलेले काम ते पूर्ववत करीत नाही. लेखक दोन फाईलींपैकी एक बदलून बंद पडला, तर कर्नल कुलूप तत्परतेने सोडील आणि पुढच्या वाचकाला विसंगत माहिती तितक्याच तत्परतेने मिळेल. अशा कामासाठी व्यवहार पूर्ण किंवा रद्द करण्याची सोय असलेला डेटाबेस वापरणेच योग्य ठरते.

१०. निष्कर्ष

फाईल-आधारित कुलूप हा दिसण्यास लहान विषय असला, तरी समवर्ती संगणनातील अविभाज्यता, परस्परकोंडी, उपासमार व बिघाडानंतरची पुनःस्थापना हे मुख्य प्रश्न त्यात एकत्र आढळतात. म्हणूनच पदवी वर्गातील प्रात्यक्षिकांसाठीही तो उपयुक्त आहे. विद्यार्थ्यांना प्रथम ‘टच’वर आधारलेली चुकीची रचना देऊन दोन स्क्रिप्टकडून एकाच संख्येत प्रत्येकी १,००० वेळा एक मिळवून घ्यावा. बेरीज २,००० पेक्षा कमी येण्याचा अनुभव त्यांना बहुधा लगेच येतो; आणि ‘टच’च्या जागी ‘एमकेडिर’ किंवा ‘फ्लॉक’ येताच ती नेमकी २,००० होते.

व्यवहारात निवडीचा क्रम असा ठेवता येईल : एकच फाईल असल्यास नावबदल व लेखन-कुलूप, अनेक फाईली एकाच लिनक्स यंत्रावर असल्यास ‘फ्लॉक’चे वाचन-लेखन कुलूप, ‘फ्लॉक’ आज्ञा उपलब्ध नसलेल्या प्रणालीवर डिरेक्टरीची रचना, आणि अर्धवट बदल मुळीच परवडणारा नसेल तर डेटाबेस. कोणताही मार्ग स्वीकारला तरी तपासणीचे दोन प्रश्न तेच राहतात. पाहणे व घेणे यांच्या मध्ये कोणी येऊ शकतो काय? आणि कुलूप धरणारा याच क्षणी बंद पडला तर पुढे काय होईल? या दोन प्रश्नांची उत्तरे लेखी देता येत नाहीत, तोपर्यंत विद्यार्थ्यांच्या गुणांची फाईल त्या स्क्रिप्टच्या स्वाधीन करू नये.